घाटाच्या कड्याची सवय समुद्राच्या कड्यावर चालत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी सरली की सातारा, कराड, विटा, सांगली भागातल्या गाड्या कोकणात उतरू लागतात. कोणी उंब्रजहून पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूण-गुहागर गाठतो. सांगली-मिरजेचा माणूस कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा रत्नागिरीला उतरतो. पूर्वी या सहलीचा साचा ठरलेला होता. गणपतीपुळ्याला दर्शन, पुळणीवर तासभर, परतीच्या पिशवीत काजू आणि आंबापोळी. आता सागरी महामार्गावर गाडी बाजूला लावून कड्याच्या कडेकडेने मैल-दोन मैल चालत जाणारेही पुष्कळ दिसतात. ही आवड चांगलीच आहे. अंजनवेलच्या टाळकेश्वरापासून कशेळीच्या देवघळीपर्यंतचा किनारा गाडीच्या काचेतून कळत नाही, तो पायांनीच बघावा लागतो. मात्र तिथे जाताना आपल्याकडची माणसं एक सवय सोबत नेतात आणि तीच तिथे घात करते. सह्याद्रीत आणि किनाऱ्यावर माणसांना चालायला नेणारे आम्ही काही जण हे पत्र त्या सवयीबद्दल लिहीत आहोत.

आपण कड्यांच्या मुलखात राहतो. अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, महाबळेश्वर इथे लहानपणापासून दरीच्या कडेला उभे राहत आलो आहोत. कडा म्हणजे काळा पाषाण, पिढ्यान्‌पिढ्या जागचा न हललेला, त्याच्या टोकावर पाय टाकला तर फार तर छाती धडधडेल, अशी आपली समजूत असते. घाटातही ती दर वेळी खरी ठरत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत कोसळली होती. वर काढणारे वेळेवर धावले म्हणून ती वाचली. पण घाटात निदान दगड बहुतेक वेळा साथ देतो. समुद्राच्या कड्यावर त्या दगडाचाच भरवसा नसतो.

याचं कारण समजून घ्यायला पाचगणीपर्यंत गेलं तरी पुरे. टेबललँड, कासचं पठार, महाबळेश्वरचा माथा आणि रत्नागिरीचा सडा (म्हणजे कातळाचं सपाट पठार), या सगळ्यांचा वरचा थर एकाच दगडाचा आहे. तो जांभा. खालचा काळा दगड लाखो वर्षांच्या उन्हापावसात कुजत गेला, त्यातलं विरघळण्यासारखं वाहून गेलं आणि लोह-ॲल्युमिनियमचं तांबूस, भोकाभोकांचं कवच मागे राहिलं. आपल्याकडे ते हजार मीटरच्या वर आहे, कोकणात समुद्रापासून शे-दोनशे मीटर उंचीच्या आत. या कवचाखाली बहुतेक ठिकाणी मऊ, पांढुरक्या-पिवळसर मातीचा थर असतो. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून सरळ खाली मुरतं, मातीपाशी अडतं, आडवं वाहतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्यासारखं बाहेर पडतं. येताना थोडी थोडी माती घेऊन येतं. असं वर्षानुवर्षं झालं की वरचा जांभा जागेवर राहतो आणि त्याच्याखालचं पोट आत जातं. टेबललँडच्या खालच्या गुहा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर घोडे पळतात आणि खाली पोकळी आहे.

कोकणात याच रचनेच्या पायथ्याशी समुद्र आहे. भरतीच्या प्रत्येक लाटेबरोबर पाणी खालच्या काळ्या दगडाच्या भेगांत घुसतं, भेगेतली हवा दाबली जाते आणि लाट ओसरताना ती झटक्याने सुटते. भेग रुंदावते. वरून पाझर, खालून लाट. त्यामुळे सड्याची कड वरून सपाट, रुंद, अगदी गाडी उभी करावी अशी दिसली तरी तिच्या खाली हात-दोन हात किंवा त्याहून जास्त मोकळी हवा असू शकते. जांभ्यात उभ्या चिरा असतात. एखाद्या चिरेवर भार आला की घराच्या भिंतीतला घडीव दगड निखळावा तसा अख्खा ठोकळा सुटतो. आधी करकर होत नाही, माती घरंगळत नाही. पायाखालचा भाग एकदम जातो.

चालताना याचा हिशेब कसा ठेवायचा? आपण ज्या कड्यावर उभे आहोत त्याचं पोट आपल्याला कधीच दिसत नाही. किनारा मात्र नागमोडी असतो. टोकाकडे जाण्याआधी अलीकडच्या वळणावर थांबून पुढचा कडा आडवा बघावा. खाली कपार दिसते का, झऱ्याचा ओला पट्टा आहे का, पायथ्याशी ताजे तांबडे ठोकळे पडलेत का, हे तिथून स्पष्ट दिसतं. जुने पडलेले दगड काळवंडलेले आणि शेवाळलेले असतात. ताजा दगड विटेसारखा तांबडालाल असतो. तो दिसला तर तो कडा लांबूनच बघायचा. काहीच कळत नसेल तर कडेपासून निदान पाच मोठी पावलं आत राहायचं. आणि चालताना नजर जमिनीवर ठेवायची: कडेला समांतर जाणारी भेग दिसली तर कड तिथूनच सुरू झाली असं समजायचं, मग ती भेग टोकापासून चार मीटरवर का असेना. ऑक्टोबरनंतर सड्यावरचं गवत वाळून आडवं पडतं आणि अशा भेगा झाकून टाकतं. त्या वाळल्या गवतावरून बूटही घसरतो. सुट्या जांभ्याची बारीक खडी कातळावर पसरलेली असली तर ती पायाखाली मण्यांसारखी फिरते. उतारावर तिच्यावरून ताठ चालू नये, गुडघे वाकवून लहान पावलं टाकावीत.

पावसाळ्यात कड्यावर जाऊ नये हे सगळ्यांना माहीत आहे. पाऊस थांबला की धोका संपला, असं मात्र नाही. सड्यात मुरलेलं पाणी पुढे कित्येक आठवडे पाझरत असतं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या मिरगाव, आंबेघर, ढोकावळे या गावांनी पाणी प्यालेला डोंगर कसा सुटतो ते भोगलं आहे. किनाऱ्याचा कडा आकाराने लहान, पण पाणी काम करतं ते त्याच रीतीने. म्हणून आमचा सल्ला असा की दसऱ्याच्या सुट्टीत पुळण आणि देवळं बघावीत; कड्यावरची चाल नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ठेवावी.

आता भरती-ओहोटी. आपल्याकडच्या माणसाचा अंदाज सर्वांत जास्त इथेच चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. नदीचं पाणी चढतं ते पावसाने किंवा धरण सोडल्याने. निरभ्र दुपारी, वारा नसताना, पाणी आपोआप कमरेइतकं चढतं ही गोष्ट कृष्णाकाठच्या माणसाच्या हाडात नसते.

चोवीस तासांत साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून वेळ रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. रत्नागिरीच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे, तो भिंतीवरचं कॅलेंडर बघून कोणालाही करता येतो: तिथीची पाऊणपट करा. जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनला भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. यात तासभर मागेपुढे होतं, कारण प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी असते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर मिळते. पण मोबाइलला रेंज नसली तरी हा हिशेब चालतो.

आता हाच हिशेब संकष्टीला लावून बघा. सातारा-सांगलीहून गणपतीपुळ्याला सर्वांत जास्त गाड्या याच दिवशी जातात. कृष्ण चतुर्थी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. पहाटे निघालेली मंडळी दर्शन उरकून दहा-अकराला मोकळी होतात. समोर खडपं, म्हणजे भरतीत बुडणारे किनाऱ्यावरचे खडक, उघडी पडलेली, कोरडी, बसायला जागा करून ठेवल्यासारखी. पोरं टोकापर्यंत जातात. आणि याच वेळेपासून पाणी चढायला लागलेलं असतं. ते एकसारखं चढत नाही. सहा तासांत जेवढं चढायचं त्याचा बारावा हिस्सा पहिल्या तासात, दोन हिस्से दुसऱ्यात, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पहिल्या तासात काही झाल्यासारखं वाटतच नाही आणि अकरा ते एक या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. दोन मीटरची भरती असेल तर एक मीटर. जाताना ज्या दोन दगडांमधून सहज उडी मारून गेलो तिथे परतताना कमरेइतकं पाणी असतं आणि त्यात लाट येत असते. खडपावर अडकलेल्या माणसांची गोष्ट बहुधा अशीच घडते.

दिवाळीच्या सुट्टीत तर लक्ष्मीपूजनाची अमावस्या आणि पुढचे पाडवा-भाऊबीज, सगळे उधाणाचे दिवस. बारा ते दीडच्या दरम्यान भरती, म्हणजे सकाळी नऊपासून पाणी जोराने वर. त्या आठवड्यात खडपात उतरायचंच असेल तर संध्याकाळची ओहोटी धरावी, पाणी उतरत असताना जावं आणि ओहोटी पूर्ण होण्याआधी परत फिरावं.

भरतीच्या जोडीला लाट असते, तिचं गणित निराळं. लाटा सारख्या येत नाहीत. बऱ्याच लहान लाटांनंतर मोठ्यांची एक जोडगोळी येते. दोन मिनिटं बघून समुद्र शांत आहे असं ठरवू नये. खाली उतरण्याआधी वरून पंधरा-वीस मिनिटं घड्याळ लावून बघावं आणि त्यातली सर्वांत मोठी लाट कुठवर भिजवते ते ध्यानात ठेवावं. दगडही खूण देतो. काळा, शेवाळलेला पट्टा आणि त्यावर दगडाला चिकटलेल्या पांढऱ्या, धारदार शिंपल्या जिथपर्यंत दिसतात तिथपर्यंत पाणी नेहमी येतं. त्या रेषेखाली बसायला, डबा खायला, कपडे ठेवायला जागा नाही. ते शेवाळ ओलं असताना कुठलाही बूट धरत नाही, आणि पडल्यावर शिंपल्यांनी तळहात सोलून निघतात. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नये. फोटोसाठी तर मुळीच नाही.

फेब्रुवारी ते मे या काळात आणखी एक गोष्ट घडते. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, आणि तरी किनाऱ्यावर एकाएकी उंच लाटा येतात. त्या इथल्या वाऱ्याच्या नसतात. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांनी उठवलेल्या असतात आणि हजारो किलोमीटर चालून आलेल्या असतात. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचे इशारे आधी देते. इशारा असेल तर कड्याच्या पायथ्याशी आणि खडपात जाऊ नये. आणि १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते. समुद्रावर ज्यांचं पोट आहे ती माणसं होड्या ओढून शाकारून ठेवतात, त्या दिवसांत पाहुण्याने खडपावर उभं राहण्यात काय शहाणपण?

हेदवीची बामणघळ या सगळ्याचा धडा एका जागी दाखवते. दशभुज गणपतीचं देऊळ बघून खाली समुद्राकडे आलं की उमामहेश्वराचं देऊळ लागतं; त्याच्या पुढे खडपातून चालत गेलं की दगडात उभी चिरलेली अरुंद घळ आहे. ओहोटीला ती निवांत असते, तळाशी थोडं पाणी हेलकावत असतं, पाहणाऱ्याला वाटतं एवढंच का. भरती चढू लागली की लाट घळीच्या तोंडातून आत शिरते, दोन्ही बाजूंनी आवळली जाते, तिला वर जाण्यावाचून वाट उरत नाही आणि पांढरा फवारा गर्जना करत उसळतो. बघावं असंच दृश्य आहे, आणि ते भरतीलाच दिसतं. पण माणसं घळीच्या ओठावर जाऊन उभी राहतात. उडणारं पाणी फक्त भिजवतं. धोका आहे तो परतणाऱ्या पाण्याचा. फवारा कोसळला की तो सगळा लोट उतारावरून पुन्हा घळीत ओढला जातो आणि घोट्याएवढं पाणीही शेवाळावरचे पाय काढून घेतं. ओल्या दगडाची हद्द कुठे संपते ते बघावं आणि तिच्या मागे दहा पावलं उभं राहावं. तिथूनही सगळं दिसतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सुरुवात रत्नागिरीच्या रत्नदुर्गापासून करावी. तिन्ही बाजूंनी समुद्र, भगवतीच्या देवळापर्यंत चांगली वाट, तटाचा आधार, आणि समोरच्या दीपगृहाच्या टेकडीचा कडा आडवा बघायला मिळतो. कपार, पाझर, भेगा, वर सांगितलेलं सगळं तिथून सुरक्षित उभं राहून ओळखता येतं. त्यानंतर अंजनवेलचा गोपाळगड आणि टाळकेश्वराचं टोक. तिथे वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. जयगडच्या अलीकडे करहाटेश्वराला पायऱ्या उतरून जाता येतं; समुद्राच्या अगदी कडेला, लाटांच्या आवाजात, गोमुखातून गोडं पाणी पडत असतं. सड्यात मुरलेलं पाणी बाहेर कसं येतं हे ज्याला डोळ्यांनी बघायचं असेल त्याने ते ओंजळीत घेऊन बघावं. आरे-वारेचा रस्ता स्वतःच कड्यावरून जातो, तिथे गाडी चालवणाऱ्याने समुद्र बघू नये आणि वळणावर गाडी थांबवू नये, इतकंच.

कशेळीला थोडा जास्त वेळ ठेवावा. कनकादित्याचं देऊळ, सड्यावरची कातळशिल्पं आणि देवघळीचा कडा एकाच गावात आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली; कशेळीचा भलामोठा हत्ती त्यांतलाच. जांभ्यात कोरलेल्या या रेषा उथळ असतात. त्यांच्यावरून बूट घालून चालू नये, खडूने किंवा पाण्याने रेषा उठावदार करू नयेत, कडेने फिरावं.

सड्यावरून चालताना आणखी काही गोष्टी आपल्याकडच्या डोंगरात नसतात. पहिली म्हणजे चिरेखाणी. घरबांधणीचा चिरा काढून सोडून दिलेल्या खाणींच्या भिंती तासल्यासारख्या उभ्या असतात, दोन-तीन पुरुष खोल, आणि त्यांना कठडा नसतो. दिवसा त्या लांबून दिसतात, अंधारात नाही. आणि अंधार होतोच, कारण कडा पश्चिमेला आणि सगळे थांबतात सूर्यास्तासाठी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, त्यानंतर पायाखालचं दिसण्याइतका उजेड वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. परतीची वाट अर्ध्या तासाची असेल तर सूर्य बुडण्याआधी पाऊण तास पाठ फिरवावी, किंवा प्रत्येकाकडे विजेरी असावी. मोबाइलचा दिवा धरून चाललं की हात अडकतो आणि फोनही संपतो.

दुसरी गोष्ट फुरसं. रत्नागिरीच्या कातळावर हा लहानसा विषारी साप भरपूर आहे. संध्याकाळी आणि रात्री तो हिंडतो आणि जांभ्याच्या रंगात मिसळून जातो. घोटा झाकणारे बूट, हातात काठी, गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाच्या फटीत हात न घालणं, एवढं पाळावं. दंश झालाच तर कापू नये, आवळून बांधू नये, चोखू नये. पाय हलू न देता माणसाला उचलून गाडीत घ्यावं आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावं. प्रतिसर्पविष तिथे असतं.

तिसरी गोष्ट घाम. कासवर वाऱ्यावर घाम वाळतो आणि अंग गार राहतं. किनाऱ्यावर हवा दमट, घाम वाळतच नाही. अंग तापत जातं आणि मीठ निघून जातं. कातळावर सावलीला झाड नाही. चार तासांच्या चालीला माणशी तीन लिटर पाणी आणि एक लिटरला एक पाकीट या मापाने ओआरएस सोबत हवं. सकाळी साडेसहाला चाल सुरू करून दहापर्यंत संपवणं उत्तम. तेवढं एक लक्षात ठेवावं की सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे कडेकडे तोंड करून उभ्या माणसाच्या पाठीवर. दुपारनंतर खारा वारा उलट येतो. टोपी उडाली तर तिच्यामागे जायचं नाही, हे मुलांना गाडीतच बजावून ठेवावं.

वाट विचारून घ्यावी. मोबाइलवरची पायवाट पुष्कळदा एखाद्या हापूसच्या बागेत जाऊन थांबते. गडगा ओलांडून आत शिरू नये. वाडीत कोणालाही हाक मारली तर पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, कुठून उतरते ते दाखवतात, आणि आज समुद्र कसा आहे हेही त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

माणूस पाण्यात पडलाच तर काय? पोहता येणाऱ्यानेही मागोमाग उडी घेऊ नये. खडपातली लाट पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दगडावर आपटते आणि एकाचे दोन होतात. गाडीत पाच लिटरचा झाकणाचा रिकामा कॅन आणि पंचवीस मीटर दोरी ठेवावी. दोरी कोळी वापरतात तसली प्लॅस्टिकची, पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी. ती तरंगते, नायलॉनची बुडते आणि खडपात अडकते. कॅन घट्ट बंद करून, तळाशी पेलाभर पाणी ठेवून, दोरीला बांधून फेकावा. अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भलतीकडे जातो. पडलेल्याला ओरडून सांगावं की दगडाला धरायला येऊ नकोस, पाठीवर पड, दगडापासून लांब राहा. लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या बाहेर माणूस बराच वेळ तरंगू शकतो. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा, तिसऱ्याने जवळच्या वाडीत पळावं. होडी बहुधा तिथूनच पहिली येते. पडलेल्या माणसावरची नजर मात्र एकाने क्षणभरही काढू नये. लाटांत डोकं एकदा दिसेनासं झालं की पुन्हा सापडत नाही.

शाळांच्या सहलींबद्दल काळजीने लिहावंसं वाटतं. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून प्रासंगिक कराराच्या एसटी गाड्या भरभरून किनाऱ्यावर जातात. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तो दिवस कोणी विसरलेलं नाही. पालकांच्या संमतिपत्रावर बस किती वाजता सुटणार हे असतं. त्याच कागदावर त्या दिवशीची त्या गावची भरती-ओहोटीची वेळ लिहावी आणि किनाऱ्यावरचा कार्यक्रम तीवरून ठरवावा. मार्गावरच्या जेवणाची वेळ सांभाळण्यासाठी भर भरतीला मुलं खडपावर सोडली जातात, ते थांबेल. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि तो मुलांच्या व समुद्राच्या मध्ये, समुद्राकडे तोंड करून उभा. मुलांच्या मागे उभं राहून फोटो काढणारा शिक्षक या मोजणीत धरू नये.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. पावसाळ्यात आपण कोयनेचा पाणीसाठा रोज पहिल्या पानावर छापता. १०५ टीएमसीच्या धरणात आज किती, आवक किती, विसर्ग किती, हे पाटणपासून सांगलीपर्यंत घराघरांत वाचलं जातं आणि त्यावरून माणसं आपली कामं ठरवतात. पाऊस संपला की ती चौकट रिकामी होते. नोव्हेंबर ते मे दर शुक्रवारी त्याच जागी गुहागर आणि रत्नागिरीच्या शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा, सूर्यास्ताची वेळ आणि उंच लाटांचा इशारा असल्यास तो, एवढं छापावं. चार ओळी पुरतात. येत्या संकष्टीच्या आदल्या दिवशी पहिली चौकट आली तर दुसऱ्या दिवशी पहाटे कुंभार्ली आणि आंबा घाट उतरणाऱ्या गाड्यांमध्ये ती वाचली जाईल.

आपले,
किनाऱ्यावर आणि सह्याद्रीत पदभ्रमंती करणारे काही वाचक,
सातारा